मदत हवी आहे : एका थराचं हरितगृह मॉडेल तिन्ही ग्रहांवर चुकतंय

त्रिज्या :
शुक्र, पृथ्वी आणि मंगळ यांच्या पृष्ठभागाचं तापमान काढणारी एक्सेल शीट करतोय. पहिला टप्पा, म्हणजे हवा नसती तर किती तापमान असतं ते, नीट येतो. सूर्याकडून येणारी ऊर्जा गुणिले (१ − अल्बेडो, म्हणजे परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा अंश), भागिले ४σ (σ हा स्टीफन-बोल्ट्झमन स्थिरांक), आणि त्याचं चौथं मूळ.

शुक्र : २६०१ वॅट प्रति चौ.मी., अल्बेडो ०.७७, उत्तर २२७ केल्विन
पृथ्वी : १३६१, ०.३०, उत्तर २५५
मंगळ : ५८९, ०.२५, उत्तर २१०

पुढे वातावरणाचा एक थर धरला. तो सूर्यप्रकाश आरपार सोडतो आणि जमिनीची अवरक्त उष्णता पूर्ण शोषतो. म्हणजे प्रत्येक उत्तराला २ च्या चौथ्या मुळाने (१.१८९) गुणायचं. आता येतं २७०, ३०३ आणि २५०. प्रत्यक्षात हवं ७३७, २८८ आणि २१० ते २१५. एकही जुळत नाही. मला सगळ्यात जास्त खटकतोय मंगळ. तिथल्या हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड, आपल्याकडे ०.०४२ टक्के, तरी तिथे हरितगृह परिणाम जवळपास शून्य? कुठे चुकतंय?

सम_ताप :
गणित बरोबर आहे, थर चुकीचा आहे. 'पूर्ण शोषणारा एक थर' ही तिन्ही ग्रहांना एकाच मापाचा सदरा शिवण्यातली गत झाली.

मंगळापासून सुरू करू. टक्केवारी आधी विसरा. दर चौरस मीटर जमिनीवर किती किलो वायू उभा आहे ते काढा. दाब भागिले गुरुत्वत्वरण, बस.

मंगळ : ६१० पास्कल ÷ ३.७१ = १६४ किलो, त्यात कार्बन डायऑक्साइड साधारण १५८.
पृथ्वी : १०१३२५ ÷ ९.८१ = १०३३० किलो. ४२० पीपीएम (दर दहा लाखात ४२०, म्हणजे तुमचे ०.०४२ टक्के) हे रेणूंचं प्रमाण आहे, वजनाचं नाही, म्हणून ४४/२९ ने गुणायचं (हे बहुतेक जण विसरतात). उत्तर ६.६ किलो.

म्हणजे दर चौरस मीटरला मंगळावर आपल्या २४ पट कार्बन डायऑक्साइड आहे. तुमचं कोडं सुटलं नाही, उलट आणखी घट्ट झालं. पण ते इथेच सुटतं. वायू अवरक्त किरण सलग पट्ट्यात शोषत नाही, हजारो बारीक शोषणरेषांमध्ये शोषतो. १५ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास त्यांची दाटी असते. रेणू एकमेकांवर आदळतात तशा या रेषा रुंद होतात, आणि आदळणं दाबावर अवलंबून. मंगळावर दाब आपल्या सुमारे १/१६६, त्यामुळे रेषा केसासारख्या अरुंद. रेषेच्या मध्यभागी काळोख, पण दोन रेषांच्या फटीतून उष्णता सरळ निसटते. ठोकळ नियम असा की तीव्र रेषांचं एकूण शोषण (वायूचं प्रमाण × दाब) याच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतं. २४ भागिले १६६ म्हणजे ०.१४, त्याचं वर्गमूळ ०.३८. चोवीस पट माल असून काम चाळीस टक्क्यांहूनही कमी!

शिवाय तिथे वाफ जवळपास नाही. पृथ्वीवर दर चौरस मीटरला सरासरी २५ किलोच्या आसपास पाण्याची वाफ असते. आपल्या एकूण हरितगृह परिणामात वाफेचा वाटा साधारण निम्मा, ढगांचा पाव आणि कार्बन डायऑक्साइडचा पाचवा हिस्सा. मंगळाला हे बाकीचे दोन भिडू मिळालेलेच नाहीत.

अर्धवर्तुळ :
मध्येच घुसतोय, माफ करा. हेच सूत्र टाकलं तर मला पृथ्वीचं तापमान ०.०६ येतंय. भावाच्या शीटमध्ये ३६०.

सम_ताप :
०.०६ म्हणजे कंसाची चूक. '/४*σ' लिहिलं की एक्सेल आधी ४ ने भागतं आणि मग σ ने गुणतं. /(४*σ) असा कंस घाला. ३६० म्हणजे ४ च गाळलाय. ग्रह सूर्यप्रकाश अडवतो एका वर्तुळाएवढा, पण उष्णता सोडतो पूर्ण गोलावरून, आणि गोलाचं क्षेत्रफळ त्या वर्तुळाच्या चौपट. कधी उत्तर ऋण किंवा भलतंच आलं तर कुठेतरी सेल्सिअस शिरलंय का ते बघा. चौथा घात फक्त केल्विनचाच.

ढगफुटी :
शुक्राकडे वळू. थरांनीच करायचं असेल तर N थरांसाठी (N+१) चं चौथं मूळ घ्या. ७३७ भागिले २२७, त्याचा चौथा घात १११. म्हणजे ११० थर. पृथ्वीसाठी उलट, एक अर्धपारदर्शक थर पुरतो, जो अवरक्ताचा फक्त ε एवढा अंश शोषतो. २/(२−ε) चं चौथं मूळ २८८/२५५ ला जुळवलं की ε येतो ०.७७. शीट भरेल, पण या आकड्यांतून समजत काही नाही. खरी हवा थराथरांनी नसते, ती वरखाली घुसळत असते.

त्यापेक्षा हे करा. ग्रह अवकाशात उष्णता सोडतो ती सरासरी कोणत्या उंचीवरून, तो आकडा धरा. त्या उंचीवर तापमान तुमच्या पहिल्या टप्प्यातलं. तिथून खाली उतरताना दर किलोमीटरला हवा ठरावीक दराने तापत जाते.

पृथ्वी : २८८ − २५५ = ३३, दर ६.५ अंश प्रति किमी, म्हणजे उंची सुमारे ५ किमी.
शुक्र : ७३७ − २२७ = ५१०, दर सरासरी ८, उंची सुमारे ६४ किमी. शुक्राचे गंधकाम्लाचे ढग साधारण ४८ ते ७० किमीवर आहेत. उष्णता तिथूनच, वरच्या भागातून निसटते. आकडा बरोबर जागेवर बसतो.
मंगळ : हवा इतकी पारदर्शक की बरीचशी उष्णता जमिनीवरूनच निघते. उंची जवळपास शून्य, फरक साधारण ५ अंश.

शुक्राच्या जमिनीतून दर चौरस मीटरला सुमारे १६७०० वॅट अवरक्त निघतं, अवकाशात पोहोचतं १५० वॅट. बाकीचं वर जाऊन परत खाली.

अर्धवर्तुळ :
पण शुक्रावर दाबच ९२ बार आहे. दाबामुळेच तापलाय असंही वाचलंय. कार्बन डायऑक्साइडचा संबंध काय?

ढगफुटी :
हा गैरसमज फार चिवट आहे. हवा दाबताना ती तापते, नुसती दाबलेली असताना नाही. सायकलचा पंप मारताना गरम होतो, हवा भरून ठेवलेली टाकी मात्र काही तासांत खोलीच्या तापमानाला येते. दाब टिकून राहिला म्हणून उष्णता पैदा होत राहत नाही.

गुरुत्व आणि हवेची विशिष्ट उष्णता मिळून उताराचा दर ठरवतात, हे खरं. पण उतार मोजायला सुरुवात किती उंचीवरून करायची ते ठरवतात अवरक्त शोषणारे वायू आणि ढग. समजा तेवढाच अल्बेडो ठेवून शुक्रावर ९२ बारची अवरक्ताला पूर्ण पारदर्शक हवा घातली. जमीन थेट अवकाशात उष्णता सोडेल आणि सरासरी २२७ च्या वर जाणार नाही. दाबाचा खरा हातभार वेगळाच आहे, वर सम_ताप यांनी सांगितलेला : रेषा इतक्या रुंद होतात की फटी बुजतात. उरल्यासुरल्या खिडक्या वाफ आणि सल्फर डायऑक्साइड लावून घेतात.

'सूर्याजवळ म्हणून' हेही पुरत नाही. शुक्राला पृथ्वीचा ०.३० अल्बेडो दिला तरी २९९ केल्विनच येतं.

त्रिज्या :
उंचीची रीत पटली, शीट बदलली. एक शंका. १५ मायक्रोमीटरला आपली हवा आधीच अपारदर्शक असेल, तर पृथ्वीवर कार्बन डायऑक्साइड दुप्पट केल्याने काय फरक पडणार?

सम_ताप :
हीच हरकत १९०० साली स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ क्नुट ऑंगस्ट्रॉमने घेतली होती. खालून बघितलं तर ती बरोबर वाटते. वरून बघा. १९७० साली सोडलेल्या निंबस-४ उपग्रहाच्या वर्णपटात १५ मायक्रोमीटरला खोल खड्डा दिसतो. तिथे तापमान २२० केल्विनच्या आसपास, कारण तो प्रकाश उंचावरच्या थंड हवेतून आलाय. ११ मायक्रोमीटरच्या खिडकीतून (जिथे हवा बरीच पारदर्शक असते) मात्र जवळजवळ जमिनीचंच तापमान दिसतं. वायू वाढला की खड्ड्याचा तळ फारसा हलत नाही, त्याच्या कडा रुंदावतात. म्हणूनच परिणाम लॉगरिदमने वाढतो : ५.३५ × ln(C/C₀), यात C₀ हे वायूचं आधीचं प्रमाण, C नंतरचं आणि ln म्हणजे नैसर्गिक लॉगरिदम. दुप्पट केल्यास दर चौरस मीटरला ३.७ वॅट, २८० वरून ४२० पीपीएमला २.२ वॅट.

शीटमध्ये घालायचं तर ३.७ ला ४σT³ ने भागा. T = २५५ धरला तर भाजक ३.८, उत्तर १ अंशाच्या जवळ. उंचीच्या भाषेत उष्णता निसटण्याची जागा साधारण १५० मीटर वर सरकली. एवढ्यावर थांबू नका, दर अंशाला हवेत सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते आणि ती पुन्हा उष्णता अडवते. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या) सहाव्या अहवालात या सगळ्यासकट दुपटीसाठी ३ अंश हा सर्वोत्तम अंदाज आहे. एका ओळीच्या सूत्रातून तो ३ येत नाही, त्यासाठी शीटची ओढाताण करू नका.

ढगफुटी :
जाता जाता मंगळाच्या रकान्याबद्दल. सरासरी तापमान आणि चौथ्या घाताची सरासरी एक नव्हे. अर्धा भाग १८० केल्विन आणि अर्धा २४० असेल तर साधी सरासरी २१०, पण उष्णता सुटते २१६ केल्विनच्या ग्रहासारखी. हा ६ अंशांचा फरक मंगळाच्या अख्ख्या हरितगृह परिणामाएवढा आहे. त्यामुळे तिथे २१० विरुद्ध २१५ वर डोकं आपटू नका. हाच घोळ चंद्रावर तर उघडाच दिसतो : ०.११ अल्बेडोने सूत्र २७० देतं, आणि विषुववृत्तावर मोजलेली सरासरी साधारण २१५ आहे, हवा नसताना.

त्रिज्या :
चंद्राचा रकाना वाढवतो, तपासायला बरा. दिवसरात्रीचे तापमान वेगळे धरून चौथा घात घेतो आणि नवी शीट इथेच टाकतो. दोघांचेही आभार.