काणकोणात (दक्षिण गोवा) अडकलोय, सायकलच्या मागच्या चाकाची तार (स्पोक) तुटली – मदत हवी आहे, तातडीची

पायडल_पुणेकर (रविवार, दुपारी 2.10)
पुणे ते गोकर्ण चाललोय. करमल घाट उतरताना मागून टण्ण आवाज आला आणि तार गेली. चाक इतकं आउट झालंय की ब्रेकला घासतंय. चावडीत, म्हणजे इथल्या बाजारात, एकच पंक्चरवाला उघडा होता, तो म्हणाला असली तार माझ्याकडे नाही. उद्या संध्याकाळी गोकर्णात पोचायचंच आहे. लवकर सांगा.

घाटवाट (2.16)
चाकाचं माप 700 चं की 26 चं? तार गिअरच्या बाजूची की डावी? हबजवळच्या (चाकाच्या मधल्या भागाजवळच्या) वाकणात तुटली की निपलपाशी (रिमकडच्या छोट्या नटपाशी)? बॅगा कुठे लादल्यात?

पायडल_पुणेकर (2.19)
हायब्रिड आहे. बाकीच्याने काय फरक पडतो? तार ती तार.

तेल_साखळी (2.24)
फरक पडतो भाऊ. लांबी दोन-तीन मिलिमीटर चुकली तरी तार बसत नाही. गिअरच्या बाजूची असेल तर फ्रीव्हील किंवा कॅसेट (मागच्या दातेरी चकत्या) काढल्याशिवाय ती हबमध्ये ओवताच येत नाही, आणि दोन्हींची हत्यारं वेगळी. फोटो टाका.

रानवाट (2.27)
मी तीन वर्षांपूर्वी ट्यूबलेस केलं, एकही पंक्चर नाही. सगळ्यांनी करा.

पायडल_पुणेकर (2.28)
पंक्चर नाहीये हो!! तार तुटलीय. गिअरच्या बाजूची, वाकणात. बॅगा मागे, दोन, तंबूसकट.

निवांत_मडगावकर (2.35)
बाब, आज रविवार. चावडीत गिअरच्या सायकलीची तार शोधत बसू नका, मडगावातली दुकानंही आज बंद. उद्या सकाळी मडगाव गाठा, पण दुपारी एकच्या आत. नंतर शटर खाली, थेट तीन-साडेतीनला वर.

पायडल_पुणेकर (2.38)
मडगाव म्हणजे तोच घाट उलटा चढायचा?

निवांत_मडगावकर (2.41)
चढू नका. चावडीहून कदंबच्या (गोव्याच्या सरकारी) बसेस आहेत, कंडक्टरला आधी विचारा. काणकोण स्टेशनही जवळ आहे, पण थोड्याच गाड्या थांबतात.

घाटवाट (2.44)
तुमचं चाक 32 तारांचं असणार, तेच मूळ दुखणं. मागे एवढं ओझं असेल तर 36 च हव्यात.

तेल_साखळी (2.50)
असहमत. मी 32 वर रत्नागिरीहून कन्याकुमारी केलंय, तंबू घेऊन. तार वाकणात तुटते ती थकून. ताण कमी-जास्त असला की ढिली तार दर फेऱ्याला वाकते आणि एक दिवस जाते. चाक हातानं नीट ताणून घेतलेलं असेल तर 32 पुरतात.

घाटवाट (2.53)
आणि नसेल तर? बाजारातली किती चाकं हातानं ताणलेली असतात?

सागरवेळा (2.55)
विषय निघालाच आहे तर, तेरेखोलहून केरीला जाणाऱ्या फेरीबोटीत सायकल घेतात का?

निवांत_मडगावकर (2.57)
घेतात.

पायडल_पुणेकर (2.58)
मला आत्ता काय करायचंय ते कुणी सांगेल का? मल्टिटूल आहे, त्यात निपल फिरवायची खाच आहे.

तेल_साखळी (3.10)
मग काम होईल. तुटलेली तार काढून घ्या; निघत नसेल तर शेजारच्या तारेला गुंडाळा, म्हणजे गिअरमध्ये अडकणार नाही. सायकल उलटी करून चाक फिरवा. उजवी तार गेली म्हणजे रिम डावीकडे ओढली गेलीय, ब्रेकचा डावा पॅड घासत असणार. तुटलेल्या तारेच्या जागी पडलेल्या फटीच्या दोन्ही बाजूंच्या डाव्या तारा अर्धा-अर्धा फेरा सैल करा. टायरच्या बाजूनं पाहिलं तर घड्याळाच्या दिशेनं घट्ट होतं, उलट फिरवलं की सैल. मग फटीलगतच्या दोन उजव्या तारा पाव फेरा घट्ट. दर वेळी चाक फिरवून बघा, घाई नको. उजव्या तारा फार आवळल्यात तर पुढची तीच तुटेल.

घाटवाट (3.14)
हे बरोबर आहे. ब्रेकची केबलही थोडी सैल सोडा.

पायडल_पुणेकर (4.25)
झालं. पहिल्यांदा उलट फिरवलं, आणखी बिघडलं, मग टायरकडून बघून परत केलं. ब्रेकच्या पॅडला नख टेकवून चाक फिरवत बसलो, जिथे रिम नखाला लागते तिथलीच तार सैल केली. आता फेऱ्यात एकदाच हलकं चाटतंय. याच चाकावर कारवारपर्यंत जाऊ का?

निवांत_मडगावकर (4.31)
चार रस्ता ते माशें बायपास सपाट आहे, तेवढं जाईल. पण पुढे पोळेंची चढण आहे आणि मागच्या चाकावर बॅगा. मी असतो तर गेलो नसतो.

तेल_साखळी (4.36)
मीही नाही. वाकणात एक गेली की बाकीच्याही तेवढ्याच थकलेल्या. मडगावात तीन-चार घ्या, दोन्ही बाजूंच्या. डावी तार थोडी लांब असते. तुटलेले दोन्ही तुकडे सोबत न्या, जोडून मोजता येतील.

पायडल_पुणेकर (4.52)
जोडून मोजले, वाकणाच्या आतून आट्यांच्या टोकापर्यंत 292 मिलिमीटर. उद्या पहिल्या बसनं मडगाव. गोकर्ण मंगळवारी. घरी फोन केलाय.