जंगलातल्या मुक्कामात दोघांना विसावा मिळाला का? ग्वाल्हेरकरांचे अनुभव

मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते आले, आणि मार्च २०२५ मध्ये शिवपुरीच्या माधव राष्ट्रीय उद्यानाला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तेव्हापासून आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींत शनिवार-रविवार जंगलालगतच्या लॉजवर राहायला जाणे वाढले आहे. कोणते प्राणी दिसले हे आपण एकमेकांना सांगतोच. इथे मात्र नवरा-बायको दोघांनीच केलेल्या मुक्कामाविषयी लिहावे, आणि विसावा मिळाला का, मिळाला तर कशामुळे, हे आवर्जून सांगावे, ही विनंती. आलेले अनुभव, लिहिणाऱ्यांच्या ग्वाल्हेरमधल्या वस्तीच्या नावाखाली, असे:

दौलतगंज, लष्कर

आमच्या लग्नाला एकतीस वर्षे झाली, पण सासूबाईंच्या दीर्घ आजारपणामुळे आम्ही दोघेच असे कधी बाहेर पडलो नव्हतो. गेल्या फेब्रुवारीत शिवपुरीजवळ दोन रात्री राहिलो. पहाटेच्या जिप्सीतून चिंकारा, नीलगायी आणि सांबराची एक मादी दिसली. वाघ दिसला नाही. सख्यासागराच्या काठाला एक मगर जबडा उघडा टाकून ऊन खात पडली होती. तिच्या पाठीवरचा चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, आणि तिची पापणी एकदा हलली तेवढीच. घरी दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहणारे आमचे यजमान तिच्याकडे बघत बराच वेळ एक शब्द न बोलता बसून राहिले.

दुपारची सफारी आम्ही सोडून दिली आणि शिंद्यांच्या छत्र्या, म्हणजे त्यांची समाधी-स्मारके, पाहायला गेलो. एका बाजूला सख्याराजेंची छत्री, समोर त्यांचे पुत्र माधवराव महाराज यांची, आणि मध्ये पाण्याचे कुंड. सासूबाईंना जाऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. त्या पायरीवर बसून यजमान आईविषयी प्रथमच मोकळेपणाने बोलले, आणि रात्री लॉजच्या ओसरीवर शेकोटीपाशी ते बोलणे पुढे चालू राहिले. मला विसावा मिळाला तो त्या बोलण्यात.

मुरार

आम्ही दोघेही नोकरी करतो. १ जुलै ते ३० सप्टेंबर उद्यान बंद असते, म्हणून जूनच्या शेवटच्या आठवड्यात कुनोला गेलो. उकाडा फार होता, हे आधीच सांगून ठेवते. चित्ता दिसला नाही. पण करधईची झाडे मात्र दिसली: हवेत नुसता दमटपणा आला तरी या झाडांना पालवी फुटते असे गाईड म्हणाले, आणि खरोखरच पाऊस सुरू व्हायचा होता तरी टेकडीच्या उतारावर फिकट हिरवा रंग चढलेला होता. परतल्यावर चुलीवरचे टिक्कड आणि वांग्याचे भरीत जेवून अंगणातल्या निंबाखाली खाटेवर आडवे झालो, ते दिवेलागणीलाच जागे झालो. इतकी गाढ झोप मला गेल्या दोन वर्षांत लागलेली आठवत नाही.

जीवाजीगंज

आमचा अनुभव चांगला नाही. आम्ही उतरलो होतो त्या लॉजच्या हिरवळीवर त्याच रात्री लग्नाचा स्वागतसमारंभ होता आणि ध्वनिक्षेपक मध्यरात्रीनंतरही चालू होते. जंगलाच्या इतक्या जवळ असे होऊ देणे मला मनापासून गैर वाटते. माणसांची झोप जाते ती जातेच, पण त्या आवाजाने रानातल्या जिवांचे काय होत असेल, या विचाराने सौ.ला रडू आले. खोली घेण्यापूर्वी त्या तारखेला काही समारंभ आहे का, हे स्पष्ट विचारून घ्यावे.

लष्कर

दोन गोष्टी सांगतो. सफारीचे आरक्षण करताना जे ओळखपत्र दिले असेल, त्याचीच मूळ प्रत दोघांनीही सोबत ठेवावी, कारण प्रवेशद्वारावर ती दाखवावी लागते. आणि हिवाळ्यात उघड्या जिप्सीत पहाटे फार गारठा असतो, म्हणून लॉजवाल्यांकडून एक रजई मागून घ्यावी. आम्ही दोघांनी एकच रजई गुडघ्यांवर घेतली होती, आणि बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर हिने तिच्याखाली माझा हात धरला, तो गाडी परत येईपर्यंत सोडला नाही.