मदत हवी आहे: चाच्यांच्या गुहेत जायला बोट कुठे मिळेल? (तातडीचं)

खाडीकाठ_ठाणे: शनिवारी निघायचंय आणि बोटीचं अजून काहीच ठरत नाहीये. गेल्या वर्षी माझ्या भावाला ज्यांनी नेलं होतं ते फोनच उचलत नाहीत. गुहा समुद्रातच आहे, पूर्वी चाचे तिथे लपायचे, लुटीचा माल ठेवायचे असं त्यांनी सांगितलं होतं. ओहोटीला आत शिरता येतं का? माणशी किती घेतात? मुलगा महिनाभर दुसरं काही बोलत नाहीये, त्यामुळे रद्द करायचं नाही. आज रात्रीपर्यंत सांगा प्लीज.

घणसोली_सेक्टर७: अहो, गाव कुठलं ते तर सांगा! कोकणात अशा दहा गुहा निघतील.

गुहागरकर: हेदवीची बामणघळ म्हणत असणार. बोट लागतच नाही, उमामहेश्वराच्या देवळापासून चालत जायचं. पण ती भरतीला बघायची. कातळातल्या चिरेत पाणी घुसून जे वर उसळतं ते एकदा तरी बघाच. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी तिथेच नेतो.

श्रीवर्धन_माहेर: बघा, पण कडेला जाऊ नका. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटेने ओढून नेलेली माणसं आहेत. ओहोटी लागल्याशिवाय तिथे उतरू नये, हे मुलांना आधीच बजावा.

खाडीकाठ_ठाणे: हेदवी नाही हो. सिंधुदुर्गातल्या निवतीसमोरचे समुद्रातले खडक, दीपगृह आहे तिथे. वेंगुर्ला रॉक्स. कोणी गेलंय का?

पाणपक्षी_ऐरोली: मग आत शिरायचा विचार कृपया सोडा. त्या गुहेत पाकोळ्यांची वसाहत आहे. काळोखात टिकटिक आवाज काढत, त्याच्या प्रतिध्वनीवर त्या वाट काढतात. घरटं म्हणजे लाळेने कातळाला चिकटवलेली, फिकट, अर्ध्या वाटीच्या आकाराची बैठक. परदेशात त्याचं सूप करतात म्हणून इथून घरट्यांची चोरी व्हायची, त्या पक्ष्याला कायद्याचं संरक्षण आहे. उन्हाळा हा त्यांचा विणीचा काळ. बोटीतून लांबून बघा. मुलाला पक्षीच दाखवायचे असतील तर ऐरोलीहून फ्लेमिंगोची बोट आहे, घरापासून अर्ध्या तासावर.

खाडीकाठ_ठाणे: फ्लेमिंगो बघून झालेत. त्याला आंग्र्यांचं आरमार हवंय.

सरखेल_प्रेमी: तर त्याला चाचे हा शब्द शिकवू नका, हात जोडून सांगतो. कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते. दस्तक, म्हणजे परवाना घेतल्याशिवाय या किनाऱ्यावरून जहाज जाऊ द्यायचं नाही, हा राज्याचा कायदा होता. पोर्तुगीज कार्ताझ हा त्यांचा परवाना देऊन तेच करत होते, त्यांना कोणी चाचे म्हणत नाही. मुलाला विजयदुर्ग दाखवा. 1756 मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाईव्हला तो घ्यायला केवढं आरमार आणावं लागलं ते तिथे उभं राहून सांगा.

वेंगुर्ल्याचो_कळव्यात: आंग्र्यांचं मान्य. पण वेंगुर्ला म्हणजे आंग्रे नव्हेत, ते सावंतवाडीकरांचं बंदर. मालवण कोल्हापूरकरांकडे होतं. इथून व्यापारी जहाजांवर हल्ले होत होतेच, आणि तेच कारण पुढे करून इंग्रजांनी 1812 मध्ये दोन्ही बंदरं घेतली. आता गुहेचं. उघड्या समुद्रातल्या खडकात कोण लपणार? गलबतं उथळ पाण्यात चालायची, ती खाडीत शिरायची. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांचा तळ खोल, त्यांना मागे जाता यायचं नाही. लपायची जागा खाडी. पोराला कर्लीची खाडी दाखवा, त्याला लगेच कळेल.

सरखेल_प्रेमी: "हल्ले" कोणाच्या कागदांत लिहिलेत तेही बघा. इंग्रजांच्याच.

वेंगुर्ल्याचो_कळव्यात: बघितलंय दादा. आमच्या आजोबांकडूनही ऐकलंय.

घणसोली_सेक्टर७: वाद नंतर. ताई/दादा, किती जण आहात? वयं काय?

खाडीकाठ_ठाणे: ताई. आम्ही दोघं, मुलगा आठ वर्षांचा आणि सासूबाई. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

श्रीवर्धन_माहेर: अगं, हे आधी सांगायचं ना! हलत्या होडीत चढता-उतरताना गुडघा कसा टिकेल? त्यांना निवतीजवळच्या भोगव्याच्या किनाऱ्यावर बसव, छान वाटेल त्यांना.

वेंगुर्ल्याचो_कळव्यात: बरोबर. आणि ताई, फोनवर बसू नका. निवती बंदरावर आदल्या संध्याकाळी जाऊन समोरासमोर ठरवा, दर तिथेच कळेल. लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचं आहे का ते अंगात घालून बघा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. रविवारी पंचमी, म्हणजे मुंबईला पावणेचार, आमच्याकडे त्याच्या थोडं आधी. म्हणजे ओहोटी सकाळी नवाच्या आसपास. पण बाहेरच्या खडकांना भरती-ओहोटीपेक्षा वारा महत्त्वाचा. दुपारी वारा धरतो, म्हणून सातला निघा आणि दहा-साडेदहाला परत या. तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, नको म्हणाला तर ऐका, जास्त पैसे देऊ करू नका.

रात्रपाळी_कोपरी: तुतारी एक्सप्रेसचं तिकीट असेल तर तारीख तपासा. ठाण्याला ती मध्यरात्रीनंतर येते. शुक्रवारी रात्री स्टेशनवर जायचं असेल तर तिकीट शनिवारचं हवं. उतरायचं कुडाळला.

खाडीकाठ_ठाणे: तिकीट शनिवारचंच आहे, आत्ता बघितलं. सासूबाई भोगव्याला थांबायला तयार आहेत. गुहेत शिरणार नाही, मुलाला पाकोळ्यांचं सांगितलंय आणि आता तो दुर्बीण मागतोय. कुडाळहून निवतीला चार जणांना रिक्षा किती घेते? एसटीच्या वेळा असतील तर त्याही टाका.

गुहागरकर: परत येताना चिपळूणला उतरलात तर हेदवी होईल. बघा.