कार्डाचे मोल शेवटच्या विक्रीवर ठरते का?

अल्बमवाला

संग्राह्य कार्डांच्या मोलावरील या चर्चेत भावफलक यांनी काल लिहिले की, ‘कार्ड मागच्या खेपेला जेवढ्याला गेले तेवढेच त्याचे मोल, भाव दाखवणाऱ्या ॲपमध्ये आकडा दिसतो, विषय संपला.’ विषय संपलेला नाही, आणि नवख्या मंडळींनी हे वाक्य प्रमाण मानून आपली कार्डे विकायला काढू नयेत म्हणून सविस्तर लिहितो आहे.

विक्री एका दिवशी, मोजक्या माणसांत होते. हट्टाला पेटलेले दोन बोलीदार समोरासमोर आले तर भाव चढतो, एकच आला तर पडतो; कार्ड तेच असते. पीएसए आणि एसजीसी या कार्डांना 10 पैकी दर्जा देणाऱ्या संस्था. टॉप्स कंपनीच्या 1952 च्या संचातील बेसबॉलपटू मिकी मँटलच्या कार्डाची पीएसए 9 दर्जाची प्रत जानेवारी 2021 मध्ये 52 लाख डॉलरला गेली आणि त्याच कार्डाची एसजीसी 9.5 दर्जाची प्रत ऑगस्ट 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला. दोन्ही आकडे खरे आहेत, परंतु कोपरे झिजलेली प्रत बाळगणाऱ्याला त्यांतून काय कळावे? ॲप तर ग्रेडिंग, म्हणजे अशी दर्जा-तपासणी, न झालेल्या साऱ्या प्रती एकाच ओळीत घालून सरासरी काढते. एरवी कोरे वाटणारे होलो (चकाकत्या चित्राचे) कार्ड दिव्याखाली तिरके धरले की चित्राच्या चकाकीवर केसासारख्या रेघा उमटतात, आणि उलटे केले की पाठीच्या निळ्या काठावर रंग उडून पडलेले पांढरे ठिपके दिसतात. ही प्रत आणि पाकिटातून थेट स्लीव्हमध्ये (पारदर्शक प्लास्टिक आवरणात) गेलेली प्रत यांचा भाव एक कसा?

माझा एक मित्र वारल्यावर त्याच्या पत्नीकडे एक व्यापारी आला. त्याने ॲपमधला आकडा दाखवला, पहिल्या आवृत्तीचा शिक्का असलेली पोकेमॉन कार्डे नंतरच्या छपाईच्या भावाने मोजली आणि अल्बम घेऊन गेला. तिला शिक्का म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. ‘आकडा दिसतो’ म्हणणाऱ्यांनी तिला काय उत्तर द्यायचे ते सांगावे.

भावफलक

आपल्या मित्राच्या पत्नीची फसवणूक झाली याचे मलाही वाईट वाटते, पण ती व्यापाऱ्याने केली, पद्धतीने केलेली नाही. त्याने चुकीच्या छपाईची विक्री दाखवली. योग्य छपाईची दाखवली असती तर तिला न्याय्य रक्कम मिळाली असती. म्हणजे आपले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे.

विक्री बाजूला ठेवायची तर दुसरे माप कोणते? मालकाची माया? 1980 च्या दशकाच्या अखेरीस आणि 1990 च्या सुरुवातीला लोकांनी बेसबॉल कार्डांची खोकीच्या खोकी भविष्याची पुंजी म्हणून जपून ठेवली. कंपन्यांनी ती इतकी छापली होती की त्यांतील बहुतेकांना आजही कोणी विचारत नाही. त्या लोकांच्या हाती भावपुस्तिका होत्या, पुस्तिकांत आकडे होते. नव्हते ते गिऱ्हाईक. मागितलेली किंमत आणि झालेली विक्री यांतला फरक ज्याने अंगावर सोसला आहे, तो शेवटच्या विक्रीची अशी हेटाळणी करणार नाही. आपण ज्या 1 कोटी 26 लाखांचा दाखला दिला, त्यात लिलावगृहाचे खरेदीदाराकडून घेतलेले अधिमूल्यही धरलेले आहे, हेही सांगायला हवे होते.

भिंगधारी

दोघेही दर्जा बाजूला ठेवून भांडत आहात. सेंटरिंग (चित्र किनारींच्या मधोमध असणे), कोपरे, कडा आणि पृष्ठभाग हे चार निकष तपासल्याशिवाय मोलावर बोलणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे आहे. समोरच्या बाजूच्या आमनेसामनेच्या किनारींच्या रुंदीचे प्रमाण 70-30 असेल, तर कोपरे कितीही धारदार असोत, 10 मिळत नाही. आणि 9 व 10 यांच्या भावांत अनेकदा दुपटीहून मोठे अंतर असते. म्हणूनच ग्रेडिंग संस्था आहेत. स्लॅबमध्ये, म्हणजे संस्थेच्या सीलबंद प्लास्टिक डबीत, बंद झालेल्या कार्डाबद्दल वाद उरत नाही.

खेळगडी

वाद उरत नाही? पीएसएने 1991 मध्ये दर्जा दिलेले पहिलेच कार्ड टी206 या जुन्या संचातील बेसबॉलपटू होनस वॅग्नरचे होते. त्याला 8 मिळाले आणि 2007 मध्ये ते 28 लाख डॉलरला विकले गेले. पुढे 2013 मध्ये, ज्या लिलावदाराच्या हातून ते बाजारात आले होते त्यानेच त्याच्या कडा कापल्याची कबुली दिली. कापलेल्या कार्डाला अंकी दर्जा द्यायचाच नसतो, हा त्याच संस्थेचा नियम. ज्या पायावर आपण उभे आहात त्याची पहिली वीटच अशी आहे.

भिंगधारी

हे उदाहरण ऐकून ऐकून कान किटले. 1991 मधल्या एका निर्णयावरून तेव्हापासूनची सारी तपासणी मोडीत काढायची असेल तर चर्चेला अर्थ नाही. आज भिंगाखाली छपाईच्या ठिपक्यांची रचना पाहतात, कडा मोजतात, मधल्या थरापर्यंत कागद ओळखतात. आपण स्वतः किती कार्डे भिंगाखाली धरली आहेत?

अल्बमवाला

भिंगधारी, आवाज चढवल्याने मुद्दा बळकट होत नाही. पोकेमॉनची अगदी सुरुवातीची म्हणून विकली गेलेली नमुना-कार्डे आठवा. त्यांतील काही स्लॅबबंद होती, आणि संग्राहकांनीच 2025 च्या सुरुवातीला त्यांवरचे छपाईयंत्राने उमटवलेले, छपाईची तारीख सांगणारे पिवळे सूक्ष्म ठिपके वाचून दाखवले, तेव्हा तारीख 2024 ची निघाली. भिंग संग्राहकांच्या हाती होते, संस्थेच्या शिक्क्यात नव्हते.

भिंगधारी

नमुना-कार्डांबाबत संस्था चुकली, हे मान्य करावे लागते. पण तो अस्सल-नकलीचा प्रश्न आहे, दर्जाचा नाही, आणि आपण दोन्हींची सरमिसळ करत आहात. दर्जाचे दुखणे वेगळेच आहे, आणि ते मी भोगले आहे. वर्षानुवर्षे जपलेले कार्ड मी पाठवले, ते 8 घेऊन परत आले, कारण पृष्ठभागावर नखाएवढाही नसलेला एक दाब होता, जो एकाच कोनातून दिसतो. माझ्या परिचितांपैकी काही जण अशा वेळी स्लॅब फोडून तेच कार्ड पुन्हा पाठवतात, आणि कधी कधी ते 9 होऊन येते. जुने लेबल परत केले नाही तर पॉप रिपोर्टमध्ये, म्हणजे कोणत्या दर्जाच्या किती प्रती आहेत या संस्थेच्या नोंदीत, एकच कार्ड दोनदा मोजले जाते, आणि त्या फुगलेल्या संख्येवरून दुर्मिळता ठरवणारे भाव काढत बसतात. माझा राग स्लॅब फोडून पुन्हा पाठवणाऱ्या लोकांवर आहे, कारण प्रामाणिकपणे एकदाच पाठवणाऱ्याचे यात नुकसान होते.

खेळगडी

म्हणजे 8 आणि 9 यांतले अंतर तपासनिसाच्या त्या दिवशीच्या नजरेवरही अवलंबून असते, हे आता आपणच लिहिलेत. माझी तक्रार आणखी मुळाशी आहे. मॅजिक या पत्त्यांच्या खेळाच्या 1995 मधील क्रॉनिकल्स संचात जुनी कार्डे पुन्हा छापली गेली, त्यांचे भाव कोसळले, संग्राहकांनी आरडाओरडा केला आणि 1996 मध्ये कंपनीने काही कार्डे पुन्हा कधीच न छापण्याची यादी जाहीर केली. त्या यादीतले ब्लॅक लोटस हे कार्ड आज ज्या भावाला जाते त्यामागे ते वचन उभे आहे. कोपरे आणि कडा यांवर हा एवढा खल चालला आहे, पण कंपनीने एक निर्णय फिरवला तर सारे हिशेब नव्याने मांडावे लागतील. खेळायला म्हणून घेतलेले कार्ड डावात वापरायची भीती वाटावी, ही स्थिती मला मनापासून सलते.

भावफलक

कंपनीचा शब्द हाही विक्रीच्या भावातच उतरलेला असतो, त्यामुळे खेळगडींचा मुद्दा स्वतंत्र नाही. मात्र ‘शेवटची विक्री’ हे शब्द मी घाईने वापरले असे सर्वांचे मत दिसते, तर नाइलाजाने सुधारून देतो: त्याच छपाईच्या, त्याच दर्जाच्या, गेल्या काही महिन्यांतल्या अनेक विक्री पाहाव्यात, टोकाची वरची व खालची वगळावी, आणि उरलेला पट्टा मोल मानावा. याहून एक पाऊलही मी मागे घेणार नाही.

अल्बमवाला

आणि जिथे अनेक विक्री होतच नाहीत तिथे? पिकाचू इलस्ट्रेटर या दुर्मिळ पोकेमॉन कार्डाची पीएसए 10 प्रत 2021 मध्ये 52,75,000 डॉलरला गेली असे सर्वत्र नोंदले आहे. त्यातले 40 लाख रोख होते; उरलेले 12,75,000 म्हणजे बदल्यात दिलेल्या पीएसए 9 प्रतीचे घेणाऱ्या-देणाऱ्या दोघांनी मानलेले मोल. ज्या आकड्याला आपण झालेली विक्री म्हणता, त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा अंदाजाचा आहे.

भावफलक

तो अंदाजही आधीच्या विक्रींवरूनच बांधला असणार. तरी अशा कार्डांपुरते, जिथे वर्षानुवर्षे व्यवहारच नाही, तिथे माझा पट्टा लागू पडत नाही, एवढे लिहून देतो. तिथे आपण पुढचा लिलाव होईपर्यंत आकडा सांगू नये, आणि मीही सांगणार नाही.