पडलेल्या, काढलेल्या दातांचं पुढं काय केलंत? अनुभव सांगा

गेल्या हंगामात ऊस सोलताना माझ्या खालच्या दाढेचा निम्मा तुकडा उडाला. वर्षापूर्वी तिचं रूट कॅनॉल झालं होतं. ठणका थांबला म्हणून कॅप बसवायला गेलोच नाही. आधीच किडीनं पोखरलेली दाढ, त्यात वरून भोक पाडून नस काढलेली. चावायचा जोर तिला एकटीला पेलला नाही. तडा मुळापर्यंत गेला आणि वाचवलेली दाढ काढावी लागली. आता ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधारानं बसवलेला दात, की इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, तेवढं ठरवायचंय. कोल्हापूरकरांनो, सांगा.

शाहूपुरी
माझा ब्रिज नऊ वर्षांचा आहे. दोन्हीकडचे दात तासून त्यावर तीन कॅपा जोडून बसवल्या, पंधरवड्यात नीट जेवायला लागले. पण शेजारचे दोन्ही दात धडधाकट होते, ते तासल्याची रुखरुख अजून आहे. तुमचे शेजारचे चांगले असतील तर आधी इम्प्लांटचं विचारा.

कागल
आईचं इम्प्लांट केलं. साखर वाढलेली, म्हणून डॉक्टरांनी दोन महिने हातच लावला नाही. आम्ही वैतागलो, दुसरीकडं जाणार होतो. पण साखर चढलेली असली की जखम लवकर भरत नाही, हे नंतर पटलं. मिश्रीही तेव्हाच सुटली, तिच्यासाठी हेच सगळ्यात अवघड होतं. हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवला, हाड त्याला घट्ट धरेपर्यंत चार महिने थांबलो, मग वर दात. आता तांबड्या रश्श्यातलं मटण दोन्ही बाजूंनी चावते.

उत्तरेश्वर पेठ
आजोबांची कवळी. रात्री काढून पाण्यात. सैल झाली तर नुसती पावडर लावत बसू नका, आतून नवं अस्तर लावून मिळतं.

गंगावेश
अकरा वर्षांच्या पोराचा पुढचा दात बॉल लागून मुळासकट बाहेर आला. पक्का दात होता. दवाखान्यात फोन केला तर म्हणाले, मुळाला हात लावू नका, घासू नका, दुधात टाकून लगेच या. संध्याकाळची वेळ, समोर धार काढून दूध देतात त्या दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या होत्या. गवळीमामांनी पेला भरून दिला, पैसे घेतले नाहीत. अर्ध्या तासात दात परत जागेवर बसवला, दोन आठवडे तारेनं बांधून ठेवला, पुढं त्याचं रूट कॅनॉलही झालं. पोरगं आता अकरावीत आहे. दात तोच आहे.