मदत हवी आहे: १८५८ च्या गोऱ्या शिपायाच्या डोक्यावर काय घालू?

मंडळी, ग्वाल्हेरहून लिहितेय. आमच्या लष्कर भागातल्या मंडळाचं गणपतीत नाटक आहे, झाशीच्या राणीच्या ग्वाल्हेरातल्या शेवटच्या दिवसांवर. कपडेपट माझ्या गळ्यात पडलाय. राणी, तात्या, रावसाहेब यांचं जमलं. घोडं अडलंय ते गोऱ्यांपाशी.

कपडेपटवाल्याने नऊ टोप पाठवलेत. सात पांढरे, चहूबाजूंनी रुंद कड, वर कापडाचे वेढे. सिनेमातला इंग्रज साहेब डोळ्यांपुढे आणा, तोच. दिग्दर्शक खूश. पण हा नमुना शतक संपतानाचा! परदेशातल्या गोऱ्या फौजेसाठी बुचाचा पांढरा टोप ठरला तोच मुळी १८७७ मध्ये. उरलेले दोन टोकवाले, डोक्यात भाल्याचं पातं रोवल्यासारखे. प्रशियाने १८७०-७१ मध्ये फ्रान्सला लोळवल्यावर इंग्रजांनी त्यांची नक्कल केली, ती १८७८ मधली. आणि ते टोप विलायतेतल्या थंडीत मिरवायचे.

त्याआधी १८०० पासून शाको होता, म्हणजे नळकांड्यासारखी उंच टोपी, पुढे छज्जा. १८२९ मध्ये ती वरून घंगाळासारखी पसरली, १८४४ मध्ये उलट वर निमुळती झाली आणि मागेही छज्जा आला. दिसायला झोकदार, पण १७ जूनला, राणीच्या शेवटच्या लढाईत, कोटा की सरायच्या मैदानात? इथल्या जूनबद्दल मी काय सांगू. त्याआधी महिनाभर कोंचच्या लढाईत खुद्द इंग्रज सेनापती सर ह्यू रोजला उन्हाचा तडाखा बसला होता. म्हणून १८५७-५८ मध्ये इकडचे बरेच गोरे शिपाई गोल, बसकी कापडी टोपी घालत. तिच्यावर पांढरी खोळ आणि मानेवर फडकं. या फडक्याला सेनापती हॅवलॉकचं नाव मिळालं, तोच जो १८५७ च्या नोव्हेंबरात लखनौला वारला. काही जण शोल्याचा टोपही घालत. शोला म्हणजे आपलं बाशिंग ज्याचं करतात ते भेंड. पण एका रांगेत सगळ्यांचे टोप सारखे, हे चित्र खूप नंतरचं.

मग मी भाच्याच्या जुन्या टोपीला मांजरपाटाचं फडकं शिवलं आणि खळ दिली. ते मानेपासून चार बोटं दूर, पत्र्यासारखं उभं राहिलं. तालमीत सगळे खो खो हसले. दिग्दर्शक म्हणाले, "ताई, हा गोरा सोजीर की मध काढणारा?" त्यांचं म्हणणं, पांढरा टोप नसेल तर मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला हा गोरा आहे हे कळणारच नाही.

तर फडकं मानेवर नीट पडावं यासाठी काय करू? आणि मागच्या रांगेला कळावं म्हणून? नऊ टोप्या, हातात तीन आठवडे, खर्च जेमतेम.

---

शिवणकाकू: अगं, आधी खळ काढून टाक! आणि फडकं टोपीच्या कडेला शिवू नकोस. माथा आणि फडकं मिळून एकच खोळ कर, उशीच्या अभ्र्यासारखी वरून चढवायची. फडकं खांद्यापर्यंत येऊ दे, कानामागे दोन चिरा दे. खालच्या दुमडीत पडद्याला घालतात ती वजनाची साखळी ओव. मांजरपाट दोनदा धुऊन घे, म्हणजे अंगाला बिलगेल. छज्जा नको असेल तर उसवून टाक.

पडद्यामागचा: प्रेक्षकाला टोपी सांगत नसते, नट सांगतो. गोरा शिपाई आला की पहिल्यांदा फडकं उचलून मानेचा घाम पुसू दे, शिव्या घालू दे. ग्वाल्हेरचा प्रेक्षक लगेच ओळखेल.

जुना_खोगीर: एक राहिलं. सर ह्यू रोजच्या फौजेत सगळे गोरे नव्हते. २० जूनला किल्ला घेतला तो २५ व्या बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या दोन लेफ्टनंटांनी मूठभर माणसांनिशी, त्यातला एक तिथेच पडला. त्या देशी पलटणीच्या नटांना छज्जाची टोपी देऊ नका, कंपनीच्या देशी शिपायाच्या शाकोला छज्जा नसे. डोक्यावर काय चढवायचं हा तेव्हा नाजूक मामला होता. १८०६ मध्ये वेल्लोरला उठाव झाला, त्यामागे चामड्याचा तुरा लावलेली नवी पगडी हेही एक मोठं कारण होतं. आणि ताई, कोट कोणत्या रंगाचे आणलेत? त्या उन्हाळ्यात कित्येक पलटणींनी पांढरे कपडे मातकट रंगवून घेतले होते.

मूळ धागाकर्ती: काकू, साखळी आणली. एक खोळ काल रात्री शिवून पाहिली, मानेवर झक्क पडते. घाम पुसण्याचं दिग्दर्शकांना इतकं आवडलंय की आता प्रत्येक प्रवेशात कोणी ना कोणी मान पुसतोय. खोगीरसाहेब, कोट लालभडक आहेत आणि त्यांचं भाडं आगाऊ भरलंय. ही पोस्ट दिग्दर्शकांनी वाचली नाही म्हणजे मिळवली.