जिप्सी कातळावर अंग मोडून काढते. शॉकअप बदलू का?

सड्यावरचा, देवगड
१९९८ ची जिप्सी, सॉफ्ट टॉप. दोन वर्षांपूर्वी घेतली. त्याआधी आठ वर्षं ती समुद्राला लागून एका रिसॉर्टवर उघड्यातच उभी होती. जामसंड्याहून बागेत जाताना शेवटचे अडीच किलोमीटर नुसता कातळ. पहिल्या गियरमध्येसुद्धा गाडी दगडासारखी आपटते. आजीला एकदा डॉक्टरकडे नेली, तर उतरताना म्हणाली, "मेल्या, ह्या गाडयेत माका परत बसवू नको."

आजीचं एक सोडा, आंब्याचं काय करू? चौदा आणे तयार झालेला हापूस घळाने, म्हणजे जाळीच्या काठीने, अलगद उतरवायचा आणि घरी येईपर्यंत क्रेटमधला खालचा थर ठेचलेला. मागे पंधरा क्रेट ठेवले तरी गाडी बोटभरही बसत नाही. आधीच्या मालकाने मागे स्प्रिंगच्या पट्ट्यांत एक जादा पाटा घातलाय, जाड आहे, रंगावरून लगेच कळतो. गॅरेजवाला म्हणतो चारही शॉकअप गॅसचे टाका. टाकू का? सीझन दोन महिन्यांवर आलाय.

खाडीपलीकडे
जिप्सी आहे ती, पुढेमागे पाटेच असणार. मऊ बसायचं तर दुसरी गाडी घे, ही मला दे.

जुना हात, रत्नागिरी
पैसे खिशात ठेव. मागच्या बंपरवर उभा राहून दोन-तीनदा जोर दे. शॉकअप गेलेला असेल तर गाडी होडीसारखी डुलत राहते. तुझी हलणारच नाही, पैज लावतो. मग मागचे दोन्ही शॉकअप खालून सोडव आणि पुन्हा जोर दे. तरी हलली नाही तर शॉकअपचा दोष नाही, पाटे अडकलेत.

पाटा दाबला की सरळ होतो, म्हणजे लांब होतो. ती लांबी जायला एका टोकाला शॅकल म्हणजे झुलता लोखंडी दुवा असतो, तो झुलला पाहिजे. शिवाय एक पाटा दुसऱ्यावर सरकला पाहिजे. खाऱ्या हवेत शॅकलचा बोल्ट बुशच्या नळीत गंजून एकजीव होतो, पाट्यांच्या मध्ये गंजाचे पापुद्रे फुगतात आणि सगळा गठ्ठा एकच जाड पट्टी होऊन बसतो. त्यावर जादा पाटा म्हणजे विचारूच नको. त्याने कमान वाढते, शॅकल उभं राहतं आणि पहिला धक्का सरळ चॅसीला.

खोलताना गाडी चॅसीखाली घोडे लावून उभी कर, नुसत्या जॅकवर खाली शिरू नको. सेंटर बोल्ट काढण्याआधी गठ्ठा सी-क्लॅम्पने आवळ, नाहीतर पाटे उसळतात. माझ्या एका पोऱ्याचा अंगठा असाच गेला होता. तारेच्या ब्रशने सगळा गंज काढ. प्रत्येक पाट्याचं टोक वरच्या पाट्यात रुतून खाच पाडतं, ते टोक ग्राइंडरने गोल कर. मेन पाट्याला हात लावू नको, त्याला चीर दिसली तर सरळ बदल. जादा पाटा काढून टाक. पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवे घे आणि दोनशे किलोमीटर झाले की परत आवळ.

आता जे बहुतेक जण चुकतात ते. रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर, वजन पाट्यांवर, मग आवळायचे. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं, गाडी कडक ती कडकच आणि बुश लवकर फाटतात.

मालवणची जीपवाली
काकांचं सगळं मान्य, पण पाट्यांच्या मध्ये साधं ग्रीस थापू नकोस. आपली तांबडी माती त्यात बसली की पॉलिश पेपर तयार. मी कोरडी ग्रॅफाइटची पूड लावते, दर पावसाळ्यानंतर. रबराला तर ग्रीस अजिबात नको, फुगतं. आणि टायरमध्ये हवा किती ते आधी बघ. पंपवाले विचारत नाहीत, ठोकून भरतात.

सड्यावरचा, देवगड
तीन रविवार गेले. शॉकअप सोडवून मी आणि धाकटा भाऊ दोघे बंपरवर नाचलो, गाडी ढिम्म. मागच्या उजव्या शॅकलचा बोल्ट घणाने हलेना, शेवटी कापावा लागला. पाट्यांमधून निघालेला गंज सुपात भरला तर आई म्हणाली तांदूळ पाखडतोस का. हवा ३८ होती, आता २६ वर आणलीय.

जादा पाटा काढल्यावर मागची बाजू चार सेंटिमीटर खाली आली. पंधरा क्रेट घालून बघितलं, मागचा ॲक्सल आणि बंप स्टॉपच्या रबरात तीन बोटं जागा राहते. मऊ गाडी म्हणता येणार नाही, पण कातळावर आता धक्का गिळते, दात वाजत नाहीत. जुनेच शॉकअप परत लावलेत. आजी अजून लांबूनच बघतेय.

फक्त एक. परवापासून खड्ड्यातून जाताना मागून टक् असा आवाज येतो. शॉकअपचा असेल का?

जुना हात, रत्नागिरी
किती किलोमीटर झाले?

सड्यावरचा, देवगड
तीनशेच्या वर.

जुना हात, रत्नागिरी
आणि यू-बोल्ट?

सड्यावरचा, देवगड
पाना घेऊन खालीच चाललोय.